बाराव्या दिवसाच्या आत

पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणून तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवायची, बाराव्या-तेराव्या दिवशी बाळाला पाळण्यात घालून नाव ठेवायचं. मावळातल्या बाळंतिणीच्या घरात हे वेळापत्रक कुणी भिंतीवर लिहून लावत नाही, तरी ते सहसा चुकत नाही. नवजात बाळाच्या चाळणी तपासण्यांचंही एक वेळापत्रक आहे आणि ते नेमकं याच दिवसांवर बसतं. पहिले चोवीस तास उलटले की रक्तातल्या प्राणवायूचं माप, दवाखाना सोडण्याआधी कानांची तपासणी, तिसऱ्या ते पाचव्या दिवसात टाचेतून रक्ताचे थेंब, आणि त्या थेंबांत दोष निघालाच तर दोन आठवडे पुरे होण्याआधी पहिली गोळी. पहिलं वेळापत्रक लोणावळ्यापासून खांडी-कुसूरपर्यंत घरोघर पाळलं जातं. दुसरं पाळायचं तर प्रसूतिगृह, प्रयोगशाळा, आशाताई, एसटी आणि निदान दोन मोबाइल नंबर एकमेकांना जोडलेले असावे लागतात. नवजात तपासणीचा प्रश्न आपण आजवर यंत्रांचा आणि पैशांचा समजत आलो. मावळापुरतं पाहिलं तर तो त्याहून अधिक निरोपाचा प्रश्न आहे, असं माझं म्हणणं आहे. निकाल योग्य घरात, बारशाच्या सुमारास पोहोचला तरच तपासणी झाली म्हणायची.

सरकारी कागदांत या तपासण्यांना ‘चाळणी’ म्हणतात. भातखाचरांच्या तालुक्यात हा शब्द समजावून सांगायला नको. चाळणीवर राहिलेला प्रत्येक कण खडा नसतो, आणि खाली पडलं ते सगळं निवडलेलं असतं असंही नाही. चाळणी तपासणी निरोगी दिसणाऱ्या सगळ्याच बाळांची करायची असते, आणि तिच्यातून ‘या बाळाकडे पुन्हा पाहा’ एवढंच कळतं. रोग आहे की नाही हे दुसऱ्या, अधिक नेमक्या तपासणीनं ठरतं. ही कल्पना साठ वर्षांपूर्वीची. फिनाइलकीटोनयुरिया नावाचा चयापचयाचा आजार नॉर्वेतल्या आस्ब्यर्न फ्योलिंग यांनी १९३४ मध्ये ओळखला. खास आहार दिला तर त्यात सुधारणा होते हे १९५३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला होर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. पण निदान होईपर्यंत मेंदूचं नुकसान होऊन गेलेलं असे. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी ही कोंडी फोडली. जिवाणूंच्या वाढीवरून रक्तातला दोष ताडण्याची त्यांची युक्ती हुशारीची होतीच, पण मला त्यांचा मोठा शोध वाटतो तो कागद. टाचेतले थेंब त्यांनी टीपकागदासारख्या जाड कागदावर घेतले. वाळलेलं रक्त पाकिटात घालून टपालानं पाठवता येतं, बाळाला प्रयोगशाळेच्या गावी न्यावं लागत नाही. डोंगराआड वस्ती असलेल्या मुलखाला याहून सोयीचं काय असणार?

फिनाइलकीटोनयुरिया आपल्याकडे विरळा. आपल्या दृष्टीनं पहिला मान जन्मजात थायरॉइड-कमतरतेचा. गळ्यातली ही ग्रंथी काही बाळांत जन्मतः नसतेच, काहींत जागेवर नसते, काहींत असूनही पुरेसं संप्रेरक बनवत नाही. पोटात असताना आईचं संप्रेरक वारेतून थोडंफार मिळत राहतं, त्यामुळे जन्मताना बहुतेक बाळांत काहीही वावगं दिसत नाही. नंतरच्या आठवड्यांत जी लक्षणं येतात ती घरात एक तर कौतुकाची ठरतात, नाही तर नेहमीची. बाळ सारखं झोपतं, रडत नाही, अंगावर घ्यायला उठवावं लागतं. आजी म्हणते, गुणाचं आहे, कसला म्हणून त्रास नाही. शी दोन-दोन दिवसांनी होते. बेंबी पुढे येते, तिच्यावर नाणं बांधायचा उपाय ठरलेला. कावीळ लवकर उतरत नाही, तर कोवळं ऊन दाखवा म्हणायचं. आणि बाळ जुलैत लोणावळ्यात जन्मलेलं असेल तर दाखवायला ऊन नसतं, अंगाचा पिवळेपणा नीट दिसावा एवढा उजेडही घरात नसतो. जीभ मोठी आहे, आवाज घोगरा आहे, मान धरायला उशीर होतोय, हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत मेंदूच्या वाढीचे सर्वांत मोलाचे आठवडे निघून गेलेले असतात. हे नुकसान किती, याचं १९७२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेलं मोजमाप अजून दाखल्यासाठी वापरतात. पहिल्या तीन महिन्यांत उपचार सुरू झालेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ८९ च्या आसपास, तीन ते सहा महिन्यांत सुरू झालेल्यांचा ७० च्या आसपास, आणि सहा महिन्यांनंतर सुरू झालेल्यांचा ५४. चाळणी सुरू होण्यापूर्वीच्या काळातली ही मुलं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी मिळालेली मुलं आज इतर मुलांच्या बरोबरीनं शाळा शिकतात. औषध काय, तर थायरॉक्सिन. वजनाच्या दर किलोमागे रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे तीन किलोच्या बाळाला एक-दीड लहानशी गोळी, कुस्करून आईच्या दुधाच्या चार थेंबांत कालवून चमच्यानं पाजायची. रोजचा खर्च कामशेतच्या नाक्यावरच्या कटिंग चहाहून कमी. एवढं स्वस्त औषध आणि एवढा महाग उशीर, अशी जोडी वैद्यकात फार थोडी सापडेल.

आपल्या देशात हा आजार किती, याचं उत्तर आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनं दिलं. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि हैदराबाद या पाच शहरांत मिळून एक लाखावर नवजात बाळं तपासली गेली. जन्मजात थायरॉइड-कमतरता निघाली १,१३० बाळांत एक, आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात दोष ५,७६२ बाळांत एक. पाश्चात्त्य पुस्तकांत थायरॉइडच्या बाबतीत तीन-चार हजारांत एक असं जुनं प्रमाण आढळतं. आपल्याकडे ते त्याच्या सुमारे तिप्पट निघालं. हे आकडे मावळाला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या आसपास होती. राज्याचा जन्मदर हजारी १५ धरला तर वर्षाला साडेपाच हजारांवर बाळं. तळेगाव-सोमाटण्याकडची वाढ पाहता प्रत्यक्ष आकडा आज मोठाच असेल, पण ढोबळ हिशेबाला एवढा पुरे. म्हणजे दरवर्षी पाच बाळं थायरॉइडची आणि एखादं अधिवृक्काचं. जन्मतः ऐकू न येणारी मुलं हजारी एक-दोन धरली तर पाच ते दहा, हृदयाचे तातडीचे दोष असलेलीही जवळपास तेवढीच. सगळी मिळून वीसच्या आसपास, म्हणजे गावातल्या शाळेच्या एका वर्गाच्या पटाएवढी मुलं, दरवर्षी. यातल्या अधिवृक्क ग्रंथीच्या दोषाबद्दल इथेच सांगितलं पाहिजे, कारण तो आकड्यांत सहसा सापडत नाही. या बाळाच्या शरीरात मीठ टिकत नाही. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास उलट्या सुरू होतात, बाळ सुकतं, मलूल होतं. मुलगी असेल तर जननेंद्रियांची ठेवण वेगळी दिसल्यानं कुणी तरी थबकतं; मुलगा असेल तर बाहेरून खूण नसते. त्याचा मृत्यू जंतुसंसर्ग किंवा जुलाब-उलट्या म्हणून लिहिला जातो आणि खरं कारण त्याच्याबरोबर जातं. ‘आमच्याकडे असले आजार दिसत नाहीत’ असं एखादा अनुभवी डॉक्टरही प्रामाणिकपणे म्हणतो ते यामुळे. जे आजार शोधल्याशिवाय दिसतच नाहीत, ते दिसत नाहीत हा त्यांच्या नसण्याचा पुरावा धरता येत नाही.

महाराष्ट्राला हा विषय नवा आहे असंही म्हणता येत नाही. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातल्या डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थायरॉइडसाठी नवजात बाळांची चाळणी १९८० च्या दशकात करून पाहिली. विकसनशील देशात तिच्या वाटेतल्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय हाच १९८७ च्या त्यांच्या निबंधाचा विषय होता. त्याआधी, १९८० मध्ये, कर्नाटकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या डॉ. अप्पाजी राव यांच्या पुढाकारानं अमिनो आम्लांच्या आजारांसाठी चाळणी सुरू झाली आणि तिच्यात लाखावर बाळं तपासली गेली. शेजारच्या गोव्यानं २००८ मध्ये सरकारी कार्यक्रम म्हणून टाचेच्या रक्ताची तपासणी सुरू केली. केरळनं सरकारी रुग्णालयांत जन्मणाऱ्या बाळांसाठी ती आणली. महाराष्ट्राच्या वाट्याला एक मान आला. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ झाला तो तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि वाढीतला विलंब अशा चार गटांत मोडणाऱ्या तीस अवस्था जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत शोधायच्या, असा त्याचा पसारा. दुभंगलेला ओठ, वाकडी पावलं, मोतीबिंदू, हृदयदोष, बहिरेपण हे सगळं त्यात आहे. मात्र जन्मजात थायरॉइड-कमतरता, सिकल सेल आणि थॅलेसेमिया यांना त्या यादीत ‘ऐच्छिक’ असं स्थान मिळालं. ज्या आजाराचा उपाय सर्वांत सोपा आणि स्वस्त, तो राज्यांच्या मर्जीवर सोडला गेला. कारण उघड आहे. वाकडं पाऊल डोळ्यांना दिसतं, त्याला रक्त तपासावं लागत नाही.

आता मावळाचा नकाशा. इंद्रायणीच्या खोऱ्यात लोहमार्ग, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग. त्याच्या उत्तरेला आंदर मावळ, दक्षिणेला पवन मावळ, आणि कामशेतमागे नाणे मावळ. तपासणीच्या सोयी या मधल्या पट्ट्यात ओळीनं आहेत. कान्ह्याचं सरकारी रुग्णालय, तळेगाव दाभाड्याचं, मायमर वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय, कार्ला-खडकाळ्यासारखी प्राथमिक आरोग्य केंद्रं, लोणावळ्यापासून सोमाटण्यापर्यंतची खासगी प्रसूतिगृहं. अवघड रुग्णासाठी पुढे पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय, औंधचं जिल्हा रुग्णालय आणि ससून. लोणावळ्याहून पुण्याला लोकल दीड तासात जाते. रक्ताचा कागद सकाळी निघाला तर दुपारच्या आत प्रयोगशाळेत पोहोचू शकतो. मेळघाट किंवा भामरागडच्या मानानं हा तालुका भाग्यवान आहे, आणि म्हणूनच इथे अंतराची सबब चालत नाही. गाठ सैल आहे ती दुसरीकडे. सरळ बाळंतपणानंतर बाईनं निदान ४८ तास दवाखान्यात राहावं असा नियम आहे. पण घरी पहिलं मूल असतं, गुरं असतात, सोबत आलेल्या आईला परतायचं असतं; ती त्याआधीच निघते. जन्मल्यावर पहिल्या दिवसात प्रत्येक बाळात थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाची पातळी उसळी मारते, त्यामुळे ४८ तासांच्या आत घेतलेलं रक्त भलत्याच बाळांना दोषी ठरवतं. म्हणजे ज्या वेळी रक्त घ्यायला हवं त्या वेळी बाळ जीपमध्ये बसून शिळिंबच्या वाटेला लागलेलं असतं.

आणि कुठल्या घरी निघालेलं असतं? पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज मावळात अजून घट्ट आहे. आधार कार्डावर पत्ता भोसरीचा, बाळंतपण कान्ह्याला, मुक्काम आईकडे तुंगला, आणि दीड-दोन महिन्यांनी परत भोसरी. उलटही होतं. तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या बायका बाळंतपणाला मराठवाड्यात जातात आणि दोन महिन्यांचं मूल घेऊन परततात. ते जन्मलं कुठे, तिथे काय तपासलं, याचा कागद त्यांच्याबरोबर येईलच असं नाही. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, त्यांचा पत्ता तर हंगामाप्रमाणे बदलतो. अशा तालुक्यात रक्ताच्या कागदावर एकच पत्ता आणि नवऱ्याचा एकच नंबर लिहिला तर निकाल रिकाम्या घराचं दार ठोठावून परत येतो. उपाय मात्र आपल्या हाताशी आहे. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. हे दिवस थायरॉइडचा विचार करून ठरवलेले नाहीत, तरी ते त्याला चपखल बसतात. दवाखाना सोडताना किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी केंद्रात परिचारिकेनं रक्त घेतलं, सातव्या दिवसाच्या भेटीत आशाताईनं ‘पुन्हा रक्त द्यायला चला’ हा निरोप दिला, तर चौदाव्या दिवसाच्या भेटीपर्यंत गोळी सुरू झालेली असते. त्यासाठी कागदावर माहेर आणि सासर असे दोन्ही नंबर हवेत, आणि त्यांच्याखाली ज्या गावी बाळ राहणार तिथल्या आशाताईचा तिसरा. मशीनच्या किमतीपुढे या तीन ओळी फुकट आहेत. म्हणूनच बहुधा त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं.

जी बाई ४८ तास थांबतच नाही तिच्या बाळासाठी नाळेचं रक्त हा मार्ग आहे. वार पडताना ते आपसूक मिळतं, बाळाला टोचावंही लागत नाही. बालकांच्या संप्रेरकतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थायरॉइडसाठी नाळेचं रक्त आणि दोन दिवसांनंतरचं रक्त, दोन्ही ग्राह्य धरलं. नाळेच्या रक्तातून अधिवृक्काचा दोष कळत नाही ही त्याची मर्यादा. तरी पाच बाळं सापडत असतील तर सहाव्यासाठी ती सोडू नयेत, असं माझं मत आहे. टाचेच्या रक्ताला लोणावळ्यात एक वेगळीच अडचण आहे, ती म्हणजे हवा. थेंब पडलेला कागद आडवा ठेवून तीन-चार तास सावलीत वाळावा लागतो. पावसाळ्यात, जेव्हा इथे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, तेव्हा ओलसर कागद पाकिटात गेला तर नमुना बिघडतो, काही विकरांच्या तपासण्या तर निकामीच होतात. ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणि हवाबंद पिशवी एवढ्यानं हे भागतं. चिक्की मऊ पडू नये म्हणून काय करायचं, हे ज्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे त्या गावाच्या प्रसूतिगृहाला हे जमू नये असं काही नाही.

कानांची कथा रक्ताहून वेगळी आहे, कारण इथे यंत्र बाळापाशी असावं लागतं. जन्मतः ऐकू न येणारं मूलही पहिल्या महिन्यांत हुंकारतं, खुदकन हसतं, दार आपटलं की दचकतं. ते दचकणं आवाजाचं नसून जमिनीच्या कंपनाचं असतं हे कुणाला कळणार? थाळी वाजवून पाहिली, वळला की बाळ, असं म्हणून घर निश्चिंत होतं. दोन वर्षांचा होऊनही बोलत नाही तेव्हा ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ हे उत्तर तयार असतं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडोत क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांनी दाखवून दिलं की ज्या मुलांचं बहिरेपण सहा महिन्यांच्या आत लक्षात येऊन मदत सुरू झाली त्यांची भाषा नंतर कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे राहिली. त्यावरून जगभर मान्य झालेलं गणित आहे एक-तीन-सहा: एका महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा भाषेची दुसरी सोय. कानात लहानसा बूच घालून केली जाणारी तपासणी झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत होते. पहिल्या दिवशी कानात गर्भाचा मळ असल्यानं अनेक बाळं उगाच अडकतात, म्हणून ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करायची आणि अडकलेल्यांची पुन्हा करायची. २०१७ मध्ये ‘सोहम’ नावाचं देशी बनावटीचं यंत्रही याच कामासाठी आलं. पुढचं निदान आणि पुनर्वसन यांसाठी मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग संस्था आहे. केंद्र सरकारच्या योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटही होतं, पण त्याला वयाची अट आहे आणि ती उशिरा आलेल्याला माफ करत नाही. सगळ्या कर्णबधिर मुलांना ‘दुरुस्त’ करण्याचा हा अट्टहास कशाला, असा आक्षेप कर्णबधिरांच्या चळवळीतून येतो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण मुलाला खुणांची भाषा द्यायची असली तरी ती पहिल्या वर्षातच द्यावी लागते. कुठलीच भाषा न मिळता गेलेली तीन वर्षं दोन्ही बाजूंना नकोच आहेत.

हृदयासाठी लागणारं साधन मात्र कोविडनंतर घराघरांत पोहोचलेलं आहे. उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावायचा. नवजाताच्या इवल्या पावलाला बसेल असा वेगळा पट्टा लागतो इतकंच. दोन्हीकडे ९५ टक्क्यांच्या खाली किंवा दोहोंत तीनहून जास्त टक्क्यांचा फरक राहिला तर पुन्हा पाहायचं, ९० च्या खाली असेल तर थांबायचंच नाही. पोटात असतानाच्या रक्ताभिसरणाची एक लहान वाहिनी जन्मानंतर काही दिवस उघडी राहते आणि तिच्यामुळे हृदयाचे काही गंभीर दोष झाकले जातात. ती मिटते तेव्हा बाळ घरी असतं. या साध्या मापानं अशा दोषांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पकडता येतात. समुद्रसपाटीपासून लोणावळ्याची उंची सव्वासहाशे मीटरच्या आत आहे, त्यामुळे उंच डोंगरी प्रदेशांत मापाचे निकष बदलावे लागतात तशी इथे गरज नाही. शस्त्रक्रियेला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे. डोळ्यांचं म्हणाल तर टॉर्चसारख्या उपकरणानं बुबुळातली लाल चमक पाहणं पुरतं, आणि ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोहून कमी वजनाचं जन्मलेल्या बाळाचा पडदा तीस दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाला दाखवणं. पुण्यात मोहम्मदवाडीला देसाई नेत्र रुग्णालय हे काम करतं.

आक्षेपांत सर्वांत वजनदार आक्षेप अग्रक्रमाचा. बाळं अजून कमी वजनानं, न्यूमोनियानं, श्वास न घेतल्यानं दगावतात; आधी ते थांबवा, मग विरळ आजार शोधा. पंचवीस वर्षांपूर्वी या म्हणण्यापुढे मी मान तुकवली असती. पण नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू १६ वर आले होते, तेव्हा देशाचा आकडा २८ होता. जंतुसंसर्ग आणि कुपोषण जसजसं मागे हटतं तसतसा उरलेल्या मृत्यूंत आणि अपंगत्वात जन्मजात दोषांचा वाटा वाढतो. हे सगळ्या देशांत असंच झालेलं आहे. शिवाय हे एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढणं नाही. ऑक्सिमीटर न्यूमोनियाही दाखवतो, आशाताईची सातव्या दिवसाची भेट वजन आणि नाळ पाहण्यासाठीही आहेच.

दुसरा आक्षेप घाबरवण्याचा. पाच खऱ्या बाळांसाठी पन्नास आयांना ‘पुन्हा रक्त द्या’ म्हणून बोलवावं लागू शकतं. त्यातल्या पंचेचाळीसजणींचे दोन-तीन दिवस विनाकारण काळजीत जातात. हे खरं आहे आणि ते लपवू नये. लपवल्यानंच भीती वाढते. रक्त घेतानाच ‘दहाजणींना पुन्हा बोलावतो, त्यातल्या नऊजणींचं बाळ ठीक निघतं’ असं सांगितलं तर निरोपाचा धक्का निम्मा होतो. याहून मला नाजूक वाटते ती सुनेवर येणारी बोलणी. बाळात खोट निघाली की ती आईच्या रक्तातली, माहेरच्या घराण्यातली ठरते. ती पुढे धाकट्या बहिणीच्या सोयरिकीपर्यंत पोहोचते. थायरॉइडचा दोष बहुतांशी आनुवंशिक नसतो, आणि अधिवृक्काचा दोष किंवा सिकल सेल व्हायला आई-बाप दोघांकडूनही जनुक यावं लागतं. पण हे वाक्य सासूसमोर, नवऱ्यासमोर, दवाखान्यातल्या कुणी तरी मोठ्या तोंडानं म्हणावं लागतं. बाळंतिणीनं सांगून कुणी ऐकत नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या सिकल सेल निर्मूलन मोहिमेत ठाकर-कातकरी वस्त्यांची तपासणी होते तेव्हा तर वाहक आणि रुग्ण यांतला फरक न समजावता कार्ड वाटणं म्हणजे लग्नाच्या बाजारात एक नवा शिक्का मारून देणं होईल.

उलट्या बाजूनं, खासगीत चाळणीचा अतिरेकही होतो. काही हजार रुपयांत पन्नास-पन्नास आजारांची यादी तपासून देणारी पाकिटं शहरांतून आता लोणावळा-तळेगावच्या प्रसूतिगृहांपर्यंत आली आहेत. टँडम मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या यंत्राला एका थेंबात एवढे आजार ओळखता येतात हे खरं. पण जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये घालून दिलेली कसोटी आजही जुनी झालेली नाही: आजार महत्त्वाचा असावा, त्याच्यावर मान्य उपचार असावा, आणि निदान-उपचाराची सोय खरोखर उपलब्ध असावी. यादीतल्या अनेक आजारांचं खास दूध परदेशातून मागवावं लागतं आणि ते दर महिन्याला एखाद्या कामगाराच्या पगाराएवढं पडतं. ज्याला परवडतं त्यानं जरूर करावं; पण सरकारनं पन्नासच्या मागे लागून चार हुकवू नयेत. थायरॉइड, कान, प्राणवायू, डोळे, आणि प्रयोगशाळा बसली की अधिवृक्क. मावळासाठी सुरुवातीला एवढंच पुरे आहे, आणि ते सरकारी आणि खासगी दोन्ही प्रसूतिगृहांत एकाच वहीत नोंदलं गेलं पाहिजे. नाही तर कान्ह्यातलं बाळ एका यादीत आणि लोणावळ्यातलं कुठल्याच यादीत नाही, असं व्हायचं.

शेवटचा आक्षेप डॉक्टरांचाच असतो: सापडेल, पण आयुष्यभर गोळी देणार कोण? पावसाळ्यात पवना धरणामागच्या वाडीत गोळ्या संपल्या तर? पहिली तीन वर्षं खंड पडता कामा नये हे खरं, कारण मेंदूची सर्वाधिक वाढ तोवर होते. त्या काळात दर काही आठवड्यांनी, पुढे काही महिन्यांनी रक्त तपासून मात्रा बदलावी लागते. बाळाचं वजन वाढतं तशी गोळी वाढते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या थेंबांपासून ही गोळी चार तास दूर ठेवायची असते, तेही आशाताईलाच सांगावं लागणार, कारण लोहाचे थेंबही तीच देते. पण आयुष्यभर हा शब्द प्रत्येकाला लागू नाही. तिसरा वाढदिवस उलटल्यावर डॉक्टरच्या देखरेखीखाली महिनाभर गोळी थांबवून रक्त पुन्हा पाहतात. काही मुलांची ग्रंथी तोवर आपली आपण सावरलेली असते आणि गोळी कायमची सुटते. ते वय असतं अंगणवाडीत नाव घालायचं, आणि बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. खांडीच्या किंवा जांभवलीच्या अंगणवाडीत आलेल्या पथकाच्या हातात त्या मुलाचा बाराव्या दिवसाच्या आधीचा तो कागद असला, तर पुढचं काम त्यांना ठाऊक आहे.